फोटो कागदावर येईपर्यंत

घरातलं माणूस गेलं की पहिल्या काही तासांतच एक काम कुणाच्या तरी अंगावर येतं: फोटो शोधण्याचं. फ्रेम हवी असते, तिला हार घालायचा असतो. मग मोबाइल निघतात, भाचे-पुतण्यांना फोन जातात आणि ध्यानात येतं की हजारो फोटोंत आजोबा आहेत, पण आजोबांचा असा फोटो एकही नाही. कुठे ते केक कापणाऱ्या नातवाच्या मागे उभे आहेत, कुठे घास तोंडात आहे, कुठे डोळे मिटलेत. शेवटी कुठल्याशा लग्नातल्या ग्रुप फोटोतून त्यांचा चेहरा कापला जातो. शेजारच्या काकूंचा खांदा पुसायचा, मागे निळा पडदा लावायचा, आणि स्टुडिओवाला न सांगताच गाल गोरे करून देतो. पुढची तीस वर्षं घरातली मुलं आजोबा म्हणून याच माणसाला ओळखतात.

फोटो कमी आहेत म्हणून ही वेळ येत नाही. ज्यांच्या आयुष्यात सगळे मिळून चार फोटो निघाले, त्या पिढीवर ती आली नव्हती. इंदूरच्या रामबागेत, नारायणबागेत जुन्या मराठी घरांच्या भिंतींवर जी माणसं टांगलेली दिसतात, त्यांतले बहुतेक जण हयातीत, कोट-टोपी घालून, स्टुडिओच्या खुर्चीत बसून आलेले आहेत. फोटो काढणं आणि तो हातात येणं हे त्यांच्या लेखी एकच काम होतं. आपण त्याचे दोन तुकडे केले, पहिला फुकट झाला आणि दुसरा राहून गेला.

माझं म्हणणं सरळ आहे. फोटो कॅमेऱ्यात पुरा होत नाही. तो पुरा होतो प्रिंट करताना. आणि ज्याने तो काढला त्यानेच तो प्रिंट करावा. घरी प्रिंटर नसेल तर निदान लॅबमध्ये ऑपरेटरच्या शेजारी उभं राहावं.

या बाजूने नेहमी पुढे येणारा युक्तिवाद टिकाऊपणाचा आहे. मला तो फारसा पटत नाही, म्हणून तो आधीच बाजूला काढतो. प्रिंट टिकतो, फाइल जाते, असं म्हणतात. इंटरनेटच्या जनकांपैकी एक, विंट सर्फ यांनी 2015 मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की जे फोटो खरंच जपायचे आहेत ते छापून ठेवा, कारण उद्याची यंत्रं आजच्या फाइली उघडतीलच असं नाही. इशारा खोटा नव्हता. गूगल फोटोजने अमर्याद फुकट साठवण 1 जून 2021 पासून बंद केली, आणि दोन वर्षं न वापरलेली खाती पुसून टाकण्याचं धोरण 2023 मध्ये जाहीर केलं. पासवर्ड फक्त वडिलांना ठाऊक होता आणि वडीलच गेले, अशी घरं आता प्रत्येक गल्लीत निघतील.

पण कागदाचं तरी काय? माळव्याचा पावसाळा ज्याने काढलाय त्याने काचेला चिकटून बसलेले फोटो पाहिलेत, बुरशीचे ठिपके पाहिलेत, ट्रंकेच्या तळाशी वाळवीने केलेला नकाशा पाहिलाय. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत प्रिंट आज तांबूस पडलेत. त्यातला निळा-हिरवा रंग उडाला आणि सगळं घराणं उन्हाने भाजल्यासारखं दिसू लागलं. चित्र पक्कं करणारा हायपो नीट धुतला नाही तर काळा-पांढरा प्रिंटसुद्धा पिवळा पडतो. स्वस्त डाय शाईचा घरगुती प्रिंट खिडकीसमोर लावला तर काही वर्षांतच उतरतो. तेव्हा केवळ टिकण्यासाठी छापायचं असेल तर दोन हार्ड डिस्क घ्या, एक बहिणीच्या घरी ठेवा, काम भागेल. छापण्याचं कारण दुसरीकडे आहे, आणि ते शोधायला इंदूरइतकी सोयीची जागा नाही.

1866 मध्ये रुडकीच्या थॉमसन कॉलेजातून बाहेर पडलेला एक तरुण इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात रुजू झाला. काम नकाशे काढण्याचं आणि बांधकामाचे अंदाज मांडण्याचं. मूळचा मेरठजवळच्या सरधन्याचा. नाव लाला दीनदयाळ. 1874 च्या सुमारास त्याने कॅमेरा हाती घेतला. इंदूरचे राजे तुकोजीराव होळकर दुसरे यांनी त्याला उत्तेजन दिलं, गव्हर्नर जनरलचे मध्य भारतातले एजंट सर हेन्री डेली यांनी पाठबळ दिलं. स्टुडिओ इंदुरात निघाला. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर बुंदेलखंडाचा दौरा झाला, त्यातून 1886 मध्ये मध्य भारतातल्या प्रसिद्ध वास्तूंचा सचित्र ग्रंथ निघाला. मग हैदराबादच्या निजामाचा आश्रय, सिकंदराबादचा स्टुडिओ, 1896 मध्ये मुंबईचा. 'राजा' हा किताब निजामाने दिला. भारतीय फोटोग्राफीच्या इतिहासात ज्याचं नाव हटकून येतं, त्याची सुरुवात आपल्या इथल्या कचेरीतली आहे, हे इंदूरकरांनाही फारसं ठाऊक नसतं.

त्या काळी प्रिंट कसा होई, हे डोळ्यांसमोर आणून पाहा. कागदावर अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा थर. तो सिल्व्हर नायट्रेटवर तरंगवून प्रकाशाला संवेदनशील करायचा. वाळला की काचेची निगेटिव्ह त्यावर दाबून, लाकडी चौकटीत बसवून उन्हात ठेवायची. एन्लार्जर वापरात नव्हता. जेवढी काच, तेवढाच फोटो. मोठा फोटो हवा तर मोठी काच, मोठा कॅमेरा, आणि ते सगळं बैलगाडीत. उन्हात चित्र हळूहळू काळवंडत येई. चौकटीची पाठ अर्धी उघडून कोपरा उचलून बघायचं, आणि पुरे झालं की नाही ते ठरवायचं. ढग आला तर वेळ वाढवायची. मग सोन्याच्या क्षारात टोनिंग, मग हायपो, मग तासन्‌तास धुणं. ऊन माळव्याचं, पण कुठे थांबायचं हा निर्णय चौकटीशी उभ्या असलेल्या माणसाचा. हा माणूस मुळात अंदाजपत्रकं करणारा होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. किती माल, किती वेळ, कुठे पुरे, हे त्याच्या हाडात होतं. त्याच्या राजवाड्यांच्या फोटोंत दगडाचा सांधा न्‌ सांधा दिसतो, आणि सावलीतसुद्धा काहीतरी शिल्लक असतं, ते उगाच नाही.

त्याच्या काचेच्या निगेटिव्हपैकी 2,857 काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने 1989 मध्ये घेतल्या. काचा आहेत हे फार मोठं भाग्य. तरी एक गोष्ट उरतेच: त्या काचांवरून आज कुणी प्रिंट काढला तर तो आजच्या माणसाचा प्रिंट असेल. दीनदयाळला सावली किती गडद हवी होती, आकाश कितपत कोरं सोडायचं होतं, याचा पुरावा काचेवर नाही. तो त्याच्या काळात त्याच्या देखरेखीखाली निघालेल्या प्रिंटांवर आहे, जे लोकांच्या अल्बमांतून जगभर पसरले.

आपल्या हाताने छापण्याचं आणखी एक उदाहरण आपल्याकडे याच भागात आहे. धुंडिराज गोविंद फाळके सिनेमाकडे वळण्याआधी फोटोग्राफी करत होते आणि छपाईत मुरले होते. तीनरंगी ब्लॉक बनवायला ते शिकले रतलामला. 1912 मध्ये लंडनहून आणलेल्या सामानात कॅमेऱ्याबरोबर फिल्मला भोकं पाडायचं यंत्रही होतं. दादरच्या घरी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडत, रसायनं कालवत. 'राजा हरिश्चंद्र' 1913 मध्ये पडद्यावर आला तो असा घरातल्या अंधारात धुऊन निघालेला. फाळक्यांना कथा-कल्पना सुचल्या म्हणून आपण त्यांना मानतो. पण आपलं चित्र शेवटपर्यंत आपल्या हातून जायला हवं, हा त्यांचा हट्ट मला कल्पनेपेक्षा मोठा वाटतो, आणि तो हट्ट छापखान्यातून आलेला आहे.

तिसरं उदाहरण इंदूरशी जोडलेलं, पण परदेशातलं. यशवंतराव होळकर दुसरे आणि संयोगिताराजे यांचे मॅन रेने काढलेले फोटो कलेच्या पुस्तकांतून सतत छापले जातात. मॅन रेला आपण मोठा फोटोग्राफर म्हणतो, पण 1922 मध्ये त्याने जे करून दाखवलं त्यात कॅमेराच नव्हता. अंधाऱ्या खोलीत फोटोच्या कागदावर चावी, कंगवा, जे हाताशी येईल ते ठेवायचं, क्षणभर दिवा लावायचा आणि कागद डेव्हलपरमध्ये घालायचा. या चित्रांना त्याने आपलंच नाव दिलं, रेयोग्राफ. यावरून निघणारा निष्कर्ष थोडा आडदांड आहे, पण मला तो मान्य आहे: कॅमेऱ्यावाचून फोटो होऊ शकतो, कागदावाचून त्याला फोटो म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

इथे कुणी म्हणेल, हा कलावंतांचा मामला झाला, घरच्या फोटोंना त्याचं काय? अमेरिकन फोटोग्राफर अॅन्सेल अॅडम्स तरुणपणी पियानो शिकला होता. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे प्रत्यक्ष वादन, असं तो सांगत असे. आम्हा इंदूरकरांना हे पियानोशिवाय कळतं, कारण उस्ताद अमीर खाँ इथे वाढले. बंदिश तीच, पण पहिल्या मैफलीत आणि विसाव्या मैफलीत ती तीच राहत नाही. अॅडम्सने 1941 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या एका खेड्यावर उगवलेल्या चंद्राचा फोटो काढला. त्या एका निगेटिव्हवरून त्याने आयुष्यभरात हजाराहून अधिक प्रिंट केले, आणि वर्षं जात गेली तसं त्यातलं आकाश काळं होत गेलं. आधीचे प्रिंट चुकीचे नव्हते. माणसाचं त्या संध्याकाळीबद्दलचं मत बदलत होतं. आपल्यालाही तेच लागू पडतं. आईच्या तरुणपणीच्या फोटोची निगेटिव्ह सापडली आणि ती आज छापायची झाली, तर तिच्या चेहऱ्यावर किती उजेड ठेवायचा हे मत द्यावंच लागतं. ते मत न देता फोटो छापता येत नाही. पडद्यावर मात्र बघता येतो.

आता हातोदचा सारस. इंदूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, तहसिलीचं गाव. जवळच गंभीर नदीवरचा यशवंत सागर आहे, होळकरांच्या राजवटीत इंदूरला पाणी मिळावं म्हणून बांधलेला. 2022 मध्ये तो महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला. मध्य भारतातल्या सारस क्रौंचांचा हा एक महत्त्वाचा ठाव, म्हणून हिवाळ्यात रविवारी पहाटे इंदूरच्या गाड्या हातोदच्या रस्त्याने लागतात. लांब लेन्सा निघतात. एका सकाळी एकेक माणूस पाच-सातशे फोटो घेऊन परततो. दहा वाजेपर्यंत त्यातले दोन-तीन व्हॉट्सअॅपवर गेलेले असतात, 'वाह भाई' आलेलं असतं, आणि बाकीचे कार्डात.

त्यातला एक फोटो A4 कागदावर काढून बघावा. गव्हाच्या शेतात, धुक्यात उभी जोडी. मोबाइलवर हा फोटो देखणाच दिसतो, कारण मोबाइल मागून उजेड फेकतो, धुकंसुद्धा चमकतं. कागदाला स्वतःचा उजेड नाही, खोलीत असेल तोच तो परत देतो. पहिला प्रिंट बाहेर येतो आणि पंख व धुकं एकाच राखाडीत मिसळलेले असतात; पक्षी कुठे संपतो ते कळत नाही. डोक्यावरचा आणि मानेचा तांबडा भाग विटकरी झालेला असतो. मग पुन्हा फाइलकडे जायचं. सगळा फोटो उजळ करून भागत नाही, कारण मग धुकं कोरा कागद होतं. पंखांचा राखाडी रंग फक्त थोडा खाली आणायचा, मानेच्या लाल रंगातला पिवळा कमी करायचा. अख्खा कागद वाया घालवायचा नाही. मानेपासून पंखापर्यंतची एक पट्टी तेवढी छापायची, खिडकीशी धरायची, मग ट्यूबलाइटखाली धरायची. मॅट कागदावर सावल्या मरतात, ग्लॉसीवर त्या खोल राहतात पण खिडकी चमकते, लस्टर मधला. या खटपटीत कधीतरी फोटोग्राफरला दिसतं की मादी नरापेक्षा किंचित लहान आहे, की त्यांच्या पायांशी गव्हात एक पाऊलवाट आहे, की तिसरं काहीतरी मागे उभं आहे आणि ते पिल्लू आहे. शेतात सकाळी सातला त्याला हे दिसलं नव्हतं. तिथे तो फोकस सांभाळत होता.

पाहणं हे असं उशिरा होतं. शटर दाबताना आपण पकडतो, प्रिंट करताना पाहतो. आणि पडद्यावर पाहणं यासाठी पुरत नाही, कारण पडद्यावर काहीच ठरवावं लागत नाही. दोन बोटांनी मोठं करता येतं, उजेड वाढवता येतो, आवडलं नाही तर अंगठ्याने पुढे ढकलता येतं. कागदाचा आकार एकच, उजेड एकच. तो म्हणतो, ठरव.

आता 'स्वतः' या अटीकडे. लॅबला का देऊ नये? द्यावं, वीस बाय तीसचा प्रिंट घरी होत नाही. पण लॅबचं यंत्र फोटो आला की आपोआप सुधारणा करतं. धुकं दिसलं की त्याला वाटतं कॉन्ट्रास्ट कमी पडला. ते कॉन्ट्रास्ट वाढवतं आणि धुकं जातं. चेहरा सावळा दिसला की ते किंवा ऑपरेटर तो उजळ करतो. हे जुनंच दुखणं आहे. कोडॅकच्या काळात लॅबमधलं यंत्र नीट चालतंय की नाही हे तपासायला ज्या नमुना-कार्डांचा वापर होई, त्यावर गोरी बाई असे. 'शर्ली कार्ड' म्हणत त्याला. तिचे गाल बरोबर आले की यंत्र बरोबर. जगभरचे सावळे चेहरे या एका बाईच्या मापाने छापले गेले. आपल्याकडे त्यात लग्नाळू गोरेपणाची भर पडली. कुठल्याही घरातला करिझ्मा अल्बम उघडा: नवरीचा हात आणि चेहरा दोन वेगळ्या बायकांचे वाटतात, मागे स्वित्झर्लंडचा बर्फ, कोपऱ्यात तिरके गुलाब. हा अल्बम छापलेलाच आहे, जाड आहे, महाग आहे, टिकेलही. तरी तो त्या कुटुंबाचा नाही; तो टेम्प्लेट बनवणाऱ्याचा आहे. छापणं पुरेसं नाही, कोण ठरवतंय हे महत्त्वाचं, असं मी म्हणतो ते यासाठी. माझ्या आत्याचा रंग कोणता होता हे मला माहीत आहे. यंत्राला माहीत नाही.

लॅबमध्ये गेलात तर ऑपरेटरला एवढंच सांगा: ऑटो करेक्शन बंद ठेवा, आधी छोटा टेस्ट द्या. चांगले ऑपरेटर खूश होतात. बाकीचे भुवया उंचावतात, उंचावू द्या.

कागदाचा एक गुण मात्र मला या सगळ्यापेक्षा मोलाचा वाटतो. तो देता येतो. हातोदच्या बाजारात मी लसणाच्या ढिगाशी बसलेल्या एका बाईंचा फोटो घेतला. त्यांनी हरकत घेतली नाही, फक्त म्हणाल्या, "भैया, फोटू दई जाजो." माळवीत मागितलेला हा फोटो मोबाइलवर पाठवायचा नव्हता, मोबाइल त्यांच्याकडे नव्हताच. पाच बाय सातचा प्रिंट पुढच्या फेरीत नेऊन दिला. त्यांनी स्वतःचा चेहरा क्षणभरच पाहिला. मग त्यांचं बोट फोटोच्या उजव्या काठावर गेलं, जिथे एका पोराचा कोपर आणि अर्धा गाल आलेला होता. "यो म्हारो पोतो." माझ्या लेखी तो काठ कापायच्या लायकीचा होता, त्यांच्या लेखी फोटो त्या काठाशी सुरू होत होता. आता तो काठ मी न कापता छापतो.

ज्यांचे आपण फोटो काढतो त्यांच्याकडून आपण काहीतरी घेतो. वारीत, घाटावर, आठवडी बाजारात, आदिवासी पाड्यांत हजारो हौशी फोटोग्राफर हिंडतात. सुरकुतलेले चेहरे, चिलमीचा धूर, डोक्यावरच्या घागरी टिपतात. स्पर्धेत बक्षिसं मिळतात. त्या चेहऱ्यांच्या मालकांपर्यंत त्यातला एकही कागद जात नाही. मी कुणाला गुन्हेगार ठरवत नाही, पण हिशेब तर मांडू: आपल्याकडे फोटो आहे, नाव आहे, लाइक आहेत, त्यांच्याकडे काय आहे? चार बाय सहाचा प्रिंट इंदूरच्या पोहे-जिलेबीच्या प्लेटीपेक्षा स्वस्त पडतो. ज्याला हजारो रुपयांची लेन्स परवडते त्याला हा परवडत नाही असं म्हणता येणार नाही.

छापण्याने आणखी एक गोष्ट होते: निवड. शिकागोतल्या व्हिव्हियन मायर नावाच्या, लोकांची मुलं सांभाळणाऱ्या बाईने आयुष्यभर रस्त्यावरचे फोटो काढले, एक लाखाहून जास्त. पुष्कळसे रोल तिने धुतलेही नाहीत. प्रिंट मोजकेच. 2007 मध्ये भाडं थकलं म्हणून तिच्या गोदामातल्या पेट्यांचा लिलाव झाला, 2009 मध्ये ती वारली, आणि त्यानंतर परक्या लोकांनी तिचे फोटो छापून तिला जगप्रसिद्ध केलं. हे कौतुकाने सांगतात. मला त्यात कौतुकापेक्षा तोटा जास्त दिसतो. आज आपण पाहतो ती मायर इतरांनी निवडलेली आहे. या लाखभर फोटोंतले कुठले वीस तिला स्वतःला पटले असते, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. तुमच्या-माझ्या मोबाइलमध्ये हीच मायर बसलेली आहे, फक्त आपला लिलाव होणार नाही.

छत्तीस फोटोंच्या रोलच्या काळाकडे परत जावं, असं मात्र मी म्हणणार नाही. त्या काळी फोटो जपून काढायचे म्हणजे पैसे जपायचे. गरिबांचे फोटोच नसत, बायकांचे लग्नानंतर क्वचित, आजारी मुलांचे नाहीतच. आजचा सढळपणा ही चांगली गोष्ट आहे. हजार काढा. पण हजारांतून वर्षाअखेर बारा निवडा, ही अट स्वतःवर घाला. डार्करूमबद्दलही माझ्या मनात भक्ती नाही. लाल दिव्यात ट्रेमधल्या पांढऱ्या कागदावर चेहरा उमटताना पाहणं ज्याने अनुभवलं तो विसरत नाही, हे खरं. पण वास, पिवळी बोटं आणि नाल्यात जाणारं चांदीमिश्रित पाणी हेही खरं. सरकारने 1960 मध्ये उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स काढली होती, तिचा 'इंदू' कागद देशभरच्या स्टुडिओंतून चालायचा. तो कारखाना बंद पडला. आज शाईचा प्रिंटर टेबलावर मावतो आणि पिगमेंट शाई बऱ्यापैकी टिकते. उन्हाळ्यात महिनाभर चालवला नाही तर नोझल सुकून बसतात, हा एक त्रास आहे. आठवड्याला एक पान काढत राहणं हा त्यावरचा उपाय, आणि तोच खरं तर फायदाही.

पर्यावरणाचा आक्षेप मी पूर्ण खोडू शकत नाही. कागद झाडांपासून होतो, शाई प्लास्टिकच्या बाटल्यांत येते. पण जे मित्र हा आक्षेप घेतात त्यांच्या फोनमध्ये तीस हजार फोटो आहेत आणि ते कुठल्याशा थंड केलेल्या इमारतीत दिवसरात्र फिरत्या चकत्यांवर जागे ठेवलेले आहेत. वर्षाला बारा कागदांनी जंगल जात नाही.

राहता राहिला प्रश्न की कोण बघणार आहे. मुलांना अल्बममध्ये रस नाही, भिंतींवर जागा नाही. माझा अनुभव उलट आहे: मुलांना मोबाइल दाखवला तर ती पुढचा फोटो बघायला धावतात, हातात कागद दिला तर विचारतात, हा कोण. आणि उत्तर माहीत असलेला माणूस तेव्हा जवळ असेलच असं नाही. व्हॉट्सअॅपवरून फिरलेल्या फोटोतून काढल्याची तारीख, कॅमेऱ्याची माहिती सगळं गळून पडतं; चार हातांतून गेलेला फोटो कुणाचा, कधीचा, कुठला हे त्याच्यातून काढता येत नाही. दीनदयाळच्या स्टुडिओत निगेटिव्हवर क्रमांक घालत, म्हणून आज दीडशे वर्षांनी कोणता फोटो कशाचा हे लावता येतं. एवढी शिस्त आपल्याला जड नाही.

या दिवाळीत बसा, वर्षाचे फोटो चाळा आणि बारा काढा. त्यात घरातल्या वडीलधाऱ्यांचा, त्यांनी स्वतः पसंत केलेला, एकेकट्याचा एक तरी असू द्या. आज त्यांना दाखवून विचारता येतंय, ही संधी उद्या असेलच असं नाही. प्रत्येकाच्या दोन प्रती करा, एक ज्याचा फोटो आहे त्याला द्या. पाठीवर नाव, गाव, महिना, साल लिहा. लिहायला मऊ पेन्सिल घ्या. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई शेजारच्या फोटोला लागते.